जॉबरची वही

मा. वस्त्रोद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस,



इचलकरंजीहून पत्र आलं म्हणजे आत काय असणार, हे आपल्या कार्यालयाला एव्हाना पाठ असेल. विजेचा दर, सुताचा भाव, कर्जाचं व्याज, अडकलेलं अनुदान. चारही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांची निवेदनं आमच्या संघटना देतच असतात. त्यात माझी भर नको. मी लिहितोय ते एका वहीबद्दल.

आमच्या धंद्यात वह्या दोन. मागावर ताण्याचे धागे ज्या तारांच्या डोळ्यांतून ओवलेले असतात आणि जी वर-खाली होऊन बाण्याला वाट करून देते, ती एक वही. ती आणि फणी भरणारे ते वहिफणी कामगार. दुसरी वही कागदाची. आमच्या जॉबरच्या शर्टाच्या खिशात असायची, तेलकट, मुलीच्या शाळेच्या वह्यांतली उरलेली पानं शिवून केलेली. मला दुसरीबद्दल बोलायचं आहे. पण पहिलीतून गेल्याशिवाय दुसरीचा उलगडा होत नाही, म्हणून थोडा फेरा पडेल.

आम्ही मूळचे खर्चीवाले. म्हणजे सूत दुसऱ्याचं, कापड दुसऱ्याचं, आपली फक्त विणाई. व्यापाऱ्यानं ताणा गुंडाळलेले भीम पाठवायचे, आपण ते विणून द्यायचे आणि मजुरी घ्यायची. ही मजुरी पिकावर ठरते. पीक म्हणजे शेतातलं नव्हे. बाण्याचा एक धागा आडवा गेला की एक पीक, आणि इंचात असे 52 गेले की ते आमच्या गावचं माप. कामगाराची मजुरी 52 पिकावर आणि तिच्यावरून होणारे संपही 52 पिकावर. वडिलांचे सोळा साधे माग होते. पत्र्याच्या शेडमध्ये सोळा माग चालू असले की बोलणं ऐकू येत नाही, ओठ वाचावे लागतात. आमच्या घरात सगळेच अजून मोठ्यानं बोलतात.

साधा माग काय करतो ते बघा. धोटा लाकडाचा, चारशे ग्रॅमच्या आसपासचा, टोकांना लोखंड. तो मिनिटाला दीडएकशे वेळा या टोकाकडून त्या टोकाला फेकायचा आणि दर वेळी आदळून थांबवायचा. तो नेतो काय, तर एक धागा. तीस नंबरच्या सुताचा मीटरभर धागा वजनाला वीस मिलिग्रॅम भरतो. म्हणजे पोस्टकार्ड पोचवायला ट्रक पाठवायचा आणि तो दर वेळी भिंतीवर धडकवून थांबवायचा, असा हा कारभार. वीज, आवाज, झिजणारे पट्टे, उडालेल्या धोट्यानं फुटलेली डोकी, सगळं त्या चारशे ग्रॅमपायी. नंतर माणसानं हे वजन कमी करत आणलं. सुल्झर कंपनीनं 1953 च्या सुमारास धोट्याऐवजी चाळीसएक ग्रॅमचा चिमटा फेकायला सुरुवात केली, रेपिअरमध्ये एक हात धागा नेऊन दुसऱ्या हातात देतो, आणि एअरजेटमध्ये तर फक्त वारा. साधा माग मिनिटाला दीडशे पिकं टाकतो, तर एअरजेट सहाशे, आठशे आणि त्याहीवर.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी 1904 साली बसवला. जहागीरदार नारायणराव घोरपड्यांचं त्यांना पाठबळ होतं. ज्या गावात हातमागावर लुगडी विणली जात, तिथं इंजिनावर चालणारा माग आणणं हे त्या काळचं धाडसच. आज आपण स्टार्टअप वगैरे म्हणतो, तेच. पुढं गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणायला लागले. हे बिरुद आम्ही कमानीवर लावतो, भाषणात घेतो. मला मात्र ते ऐकलं की जरा धास्ती वाटते, कारण खऱ्या मँचेस्टरचं काय झालं ते मी वाचलेलं आहे.

1895 च्या सुमारास अमेरिकेत ड्रेपर कंपनीनं नॉर्थ्रप नावाचा माग विकायला काढला. त्याचा शोधक जेम्स नॉर्थ्रप हा मूळचा इंग्लंडचाच, यॉर्कशायरचा. त्या मागात दोन करामती होत्या. धोट्यातली बाण्याच्या सुताची कांडी संपली की माग न थांबता नवी कांडी आपोआप आत बसायची. आणि ताण्याचा एक जरी धागा तुटला तरी माग आपला आपण थांबायचा. म्हणजे कामगाराला मागाकडं टक लावून बसायची गरज उरली नाही. अमेरिकेतल्या गिरण्यांनी हे माग लाखांनी घेतले. लँकेशायरमध्ये पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर आठ लाखांच्या आसपास माग होते, त्यांत असे स्वयंचलित माग नावापुरते.

लँकेशायरचे मालक खुळे होते का? अजिबात नाही. त्यांच्याकडं पिढ्यान्‌पिढ्यांचे कसबी विणकर होते, माग जुने पण पैसे फिटलेले, आणि सूत काढणारा एक तर विणणारा दुसरा. नवा माग नाजूक सूत खपवून घेत नाही. म्हणजे सूत बदलायला हवं, आणि ते बदलणं विणणाऱ्याच्या हातात नव्हतं. कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर जुना माग चालवणंच त्या वर्षी स्वस्त पडत होतं. दर वर्षी ताळेबंद मांडला आणि दर वर्षी तो बरोबर निघाला. 1913 साली ब्रिटननं सातशे कोटी यार्ड सुती कापड परदेशी पाठवलं, त्यातलं तीनशे कोटींच्या आसपास एकट्या हिंदुस्थानात आलं. पंचवीस वर्षांत ते सातशेचं दीडशेच्या खाली आलं. 1958 साली अशी वेळ आली की ब्रिटन जेवढं सुती कापड विकतो त्याहून जास्त बाहेरून विकत घेतो. यात स्वदेशी होती, जकात होती, जपान होता. सगळं मागामुळंच झालं असं मी म्हणणार नाही. 1931 साली गांधीजी लँकेशायरात डार्वेनला जाऊन बेकार विणकरांना भेटले, तेव्हा त्या माणसांपुढं असलेलं संकट एका यंत्राचं नव्हतं. पण जपानी कापड पुढं का गेलं, याच्या उत्तरात एक माग नक्की आहे. त्याच्याकडं येतो.

त्याआधी एक आपल्या खात्याशी संबंधित गोष्ट. केंद्र सरकारनं साधे माग जागेवरच सुधारण्याची योजना काढली होती. 2017 पासून ती पॉवरटेक्स इंडियात होती, आठ मागांपर्यंत मदत मिळायची. चांगली योजना, आमच्या गल्लीत दोघांनी घेतली. त्या किटमध्ये काय होतं? ताणा तुटला की माग थांबवणारी यंत्रणा, बाणा तुटला की माग थांबवणारी यंत्रणा, चांगला ब्रेक, भीम बेतानं सोडणारी सोय. म्हणजे 1895 साली बाजारात आलेली गोष्ट आम्ही एकविसाव्या शतकात अनुदानावर बसवत होतो. हे वाचून मी शेजाऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मग काय, आपली बस जरा उशिरा आली." तो हसला, मीही हसलो.

आता जपान. साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा. आई हातमागावर बसायची, ते बघत वाढला. 1891 मध्ये पहिलं पेटंट लाकडी हातमागाचं. मग आयुष्यभर तो मागाला एकच गोष्ट शिकवत राहिला: चुकलास की थांब. धागा तुटल्यावरही माग चालू राहिला तर पुढचं सगळं कापड खराब. म्हणून यंत्रालाच चूक कळली पाहिजे. 1924 मध्ये त्यानं आणि त्याच्या मुलानं, किइचिरोनं, जी-टाइप नावाचा स्वयंचलित माग पुरा केला. यात धोटाच बदलला जायचा, तोही पूर्ण वेगात चालू असताना. एक कामगार तीस-तीस, पुढं त्याहून जास्त माग सांभाळू लागला. 1926 ला टोयोडाचा माग बनवायचा कारखाना निघाला. आणि 1929 मध्ये काय झालं, तर ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनं, ज्यांची यंत्रं जगभर जायची, या मागाचे हक्क एक लाख पौंडाला घ्यायचा करार केला. जे जपानी इंग्रजांची यंत्रं बघून शिकले, त्यांच्याकडून इंग्रजांनी माग घ्यायचा ठरवला. पण घेऊनही लँकेशायर सावरलं नाही. प्लॅट ब्रदर्सही पुढं 1982 मध्ये बंद पडली. तिकडं किइचिरोनं मोटारीचा नाद धरला, 1933 मध्ये माग कारखान्यातच मोटारीचा विभाग निघाला, 1937 मध्ये टोयोटा मोटर वेगळी झाली.

इथं माझा मुद्दा आहे, म्हणून जरा थांबतो. पेटंट विकलं, नकाशे दिले, सगळं दिलं, तरी टोयोडाचं काही कमी झालं नाही. कारण जे विकलं तो माग होता. तो माग ज्या सवयीतून झाला ती सवय विकता येत नाही. ताइइची ओनो हा माणूस 1932 मध्ये टोयोडाच्या कापड गिरणीत लागला, 1943 मध्ये मोटारीच्या कारखान्यात गेला, आणि गिरणीत शिकलेली गोष्ट, चूक झाली की लाइन थांबवायची आणि कारण सापडेपर्यंत सोडायचं नाही, ती त्यानं मोटारींना लावली. आज जगभर मॅनेजमेंटच्या वर्गात जिदोका म्हणून जे शिकवतात, त्याचा जन्म ताण्याच्या तुटलेल्या धाग्यात आहे. आणि ही कंपनी अजून माग बनवते! टोयोटाचे एअरजेट इचलकरंजीत चालतात. शंभर वर्षांमागं साधा माग सुधारणाऱ्या कंपनीचा माग आम्ही कर्ज काढून घेतो, आणि स्वतः साधा माग जसाच्या तसा ठेवून बसलेलो असतो.

आता माझं स्वतःचं सांगतो. 2011 मध्ये मी बारा रेपिअर घेतले. युरोपातल्या कुठल्याशा बंद गिरणीतले जुने, कंटेनरमधून न्हावा शेव्याला उतरलेले. वडिलांच्या सोळांपैकी आठ माग भंगारात काढले. त्या दिवशी वडील शेडवर आले नाहीत. बँकेचं कर्ज, एजंटाचं कमिशन, शेडची उंची वाढवणं, नवी केबल, सगळं झालं. पूजा झाली. पेढे वाटले. तिसऱ्या महिन्यात एका मागाचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला. विकणारा एजंट फोन उचलेना. उचलला तेव्हा म्हणाला, बोर्ड बाहेरगावी पाठवावा लागेल. गेला. एकोणीस दिवस माग उभा. परत आला तो जळालेलाच, बिल मात्र नवीन. पावसाळ्यात आणखी दोन बोर्ड गेले. पहिल्या वर्षी माझ्या बारा मागांची सरासरी एफिशियन्सी 62 टक्के होती, आणि हे मला वर्ष संपल्यावर कळलं, कारण तोवर मी दिवाणजीच्या मीटरच्या आकड्यावर खूश होतो. साध्या मागापेक्षा मीटर जास्त निघत होते ना!

आमच्या जॉबरला सगळे मामा म्हणतात. जाता जाता सांगतो, मुंबईच्या गिरणीतला जॉबर म्हणजे भरती करणारा, वचक असलेला माणूस. आमच्याकडं जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, तेलात हात बुडालेला. मामा सातवी शिकलेले. साध्या मागाचा आवाज ऐकून सांगायचे की कुठला पट्टा ढिला झालाय. रेपिअर आल्यावर त्यांचा कानच गेला, असं ते म्हणायचे. सगळे माग एकाच सुरात. स्क्रीनवर आकडे होते, पण इटालियन भाषेत. मामा पहिले सहा महिने त्या स्क्रीनकडं पाठ करूनच काम करायचे. तेव्हाच त्यांनी ती वही सुरू केली. कोणता माग, किती वाजता, कशानं थांबला. बोलपेननं, तारखेसकट.

एप्रिलमध्ये एकदा त्यांनी ती वही माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, "मालक, ह्यो सात नंबर बगा. सकाळी गुणाचा हाय. दुपारी तीननंतर बिघडतोय. रोजच." मी म्हटलं, इलेक्ट्रॉनिकचा प्रॉब्लेम असेल. ते म्हणाले, "न्हाई, सूत तुटतंय. बोर्डाचा काय दोष?" तेवढ्यात गावातला टेक्स्टाइल शिकणारा एक पोरगा ट्रेनिंगसाठी आला होता. त्यानं स्क्रीनची भाषा इंग्रजी केली. दहा मिनिटांचं काम, आम्ही वर्षभर केलं नव्हतं. स्क्रीनमध्ये प्रत्येक मागाचं कारण वेगळं मोजलेलं होतं: ताण्यानं किती वेळा थांबला, बाण्यानं किती वेळा. ते आणि मामांची वही समोरासमोर ठेवली. सात नंबर पश्चिमेच्या भिंतीला, वर पत्रा. दुपारी पत्रा तापतो, हवेतला ओलावा जातो, सूत कडक होतं, ताणा तुटतो. सुती विणाईला ओलावा पंच्याहत्तर-ऐंशी टक्के लागतो. आमच्या शेडमध्ये दुपारी किती होता हे मोजायचं साधनच नव्हतं. मग हायग्रोमीटर आणला, पत्र्यावर चुना मारला, पाण्याचा फवारा बसवला. एकट्या सात नंबरपुरतं नाही, सगळ्या शेडला. आणखी दीड वर्ष वही आणि स्क्रीन अशी भांडत-भांडत चालली आणि आम्ही 81 टक्क्यांवर आलो.

हिशेब मांडून दाखवतो. माझा रेपिअर मिनिटाला 350 पिकं टाकतो. चोवीस तासांत पाच लाखांच्या वर. 52 पिकाचं कापड धरलं तर न थांबता दिवसाला 246 मीटर. 62 वरून 81 म्हणजे मागामागं 47 मीटर, बारा मागांचे साडेपाचशे मीटर रोज. हे जवळजवळ तीन नवे माग घेतल्यासारखं झालं. त्यांना कर्ज लागलं नाही, न्हावा शेवा लागलं नाही, आपल्या खात्याचा एक रुपया लागला नाही.

या 47 मीटरचं मोल कधी कळतं, तर दर पडल्यावर. गावात रेपिअर घेणारे आम्ही पहिल्या काहींपैकी. पहिल्या वर्षी विणाईचा दर चांगला होता. मग चिनी रेपिअर आले, मग एअरजेट आले, ज्याला कर्ज मिळालं त्यानं घेतले. दोन-तीन वर्षांत व्यापारी म्हणायला लागला, रेपिअरचा दर आता हा. यंत्राचा सगळा फायदा विणणाऱ्याच्या हातून निसटून कापड घेणाऱ्याच्या खिशात गेला. याला कुणाचा इलाज नाही; जे यंत्र बाजारात सगळ्यांना मिळतं, ते घेऊन कुणी फार दिवस पुढं राहत नाही. फक्त न घेणारा मागं पडतो. ज्यांनी 62 वर गाडी ठेवली ते त्या दरात बुडाले, दोघांनी माग विकले. मी तगलो तो रेपिअरमुळं नाही. मामांच्या वहीमुळं.

यंत्राबरोबर सवयही लागते, हे फक्त छोट्यांचं नाही. जमशेटजी टाटांनी नागपूरला 1 जानेवारी 1877 ला एम्प्रेस मिल सुरू केली. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला, मँचेस्टरवाले रिंग स्पिंडलकडं नाक मुरडत होते तेव्हा, त्यांनी ती नागपूरला चालवून पाहिली. पण त्याबरोबर शिकलेली तरुण मुलं उमेदवार म्हणून घेऊन प्रत्येक खात्यातून फिरवायची पद्धतही पाडली, पेन्शन, प्रॉव्हिडंट फंड, गिरणीत ओलावा राखायची यंत्रं. एम्प्रेस शंभर वर्षांहून जास्त चालली. शेवटी तीही 1986 मध्ये टाटांच्या हातून गेली. मुंबईच्या गिरण्यांचं तर सर्वांना माहीत आहे. 18 जानेवारी 1982 पासूनच्या संपावर खूप लिहिलं गेलंय, संपाआधी किती गिरण्यांत किती वर्षं नवं यंत्र आलं नव्हतं यावर कमी. जमिनीचा भाव कापडापेक्षा बरा वाटायला लागला की माग कुणाला दिसत नाही. इचलकरंजीतही आता शेडच्या जागेवर अपार्टमेंट उठतात.

आता मागणं. होय, मागणं आहेच, नाहीतर मंत्र्यांना कोण पत्र लिहितं.

1999 मध्ये केंद्रानं तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आणली तेव्हापासून, पुढं 2016 च्या सुधारित योजनेतही, पैसा मिळायचा तो यंत्र बसल्यावर. बिल, फोटो, तपासणी, यंत्र आहे का, नंबर जुळतो का. यंत्र कसं चालतंय हे कुणी विचारायचं नाही. राज्याच्या आपल्या वस्त्रोद्योग धोरणातही भांडवली अनुदान आहे. माझी विनंती अशी, की त्या अनुदानाचा एक भाग राखून ठेवा आणि दुसऱ्या वर्षी द्या, मागाच्या स्वतःच्या मीटरमधल्या एफिशियन्सीवर. नव्या मागांत ते आकडे असतातच, कुणी लिहायची गरज नाही. मालकाला पैशाची गरज पडली की तो आपोआप स्क्रीनची भाषा बदलून घेईल, याची मला खात्री आहे.

आणि त्यातलाच दुसरा भाग जॉबरचा. आज जॉबर घडतो तो वडिलांच्या किंवा मामाच्या मागं फिरून. मामांच्या पिढीला ते पुरलं. एअरजेटला पुरत नाही. इचलकरंजीत डीकेटीई आहे, 1982 पासून टेक्स्टाइल इंजिनिअर घडवते, जुन्या राजवाड्यात. पॉवरलूम सर्व्हिस सेंटर आहे. इंजिनिअर होतात आणि बाहेर जातात, त्यांना दोष नाही. पण सातवी-दहावी झालेल्या, हातात पाना धरता येणाऱ्या मुलाला सहा महिने पगारासकट शिकवणारी, मराठीत शिकवणारी, बोर्ड उघडून दाखवणारी जागा गावात हवी. आज गावात बोर्ड दुरुस्त करणारी काही पोरं स्वतःच तयार झाली आहेत, टीव्ही-मोबाइल दुरुस्त करता करता. त्यांना एखादा ऑसिलोस्कोप, सुट्या भागांचा साठा आणि कुणीतरी विचारणारं माणूस मिळालं तर अर्ध्या गावाचे माग एकोणीस दिवस उभे राहणार नाहीत.

वीजबिलाच्या सवलतीबद्दलही एक. ती 27 अश्वशक्तीच्या आत की बाहेर, यावर ठरते. मी ती घेतो, नाकारत नाही. पण त्या हिशेबात युनिटमागं किती मीटर कापड निघालं हे कुठंच येत नाही. जो जास्त मीटर काढतो आणि जो माग मोकळा फिरवतो, दोघांना तेवढीच. विचार व्हावा.

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूनं कबूल करायला हवी. साध्या मागाला कांडी लागते. कांड्या भरायचं काम बायकांचं. रेपिअरला आणि एअरजेटला बाणा सरळ सुताच्या कोनावरून जातो, कांडी लागतच नाही. मी आठ माग काढले तेव्हा आमच्याकडच्या तीन कांडीवाल्यांचं काम गेलं. पेढे त्यांनाही दिले होते, ही गोष्ट मला नंतर बरेच दिवस टोचत राहिली. यंत्र बदलण्याच्या कुठल्याच अर्जात ती ओळ नसते: या यंत्रामुळं कोणाचं काम जाईल, आणि ती व्यक्ती आता काय करील. बिल आणि फोटोशेजारी एवढी एक ओळ मागा. त्या बायकांच्या बोटांना सुताची जेवढी ओळख आहे तेवढी इंजिनिअरला नाही. कच्चं सूत, गाठ, जाड-बारीक, हातात घेतल्याबरोबर सांगतात. त्यांना जॉबरच्या शिक्षणात घ्या. हे मी दयेनं सांगत नाही. तिघींपैकी एक पाच वर्षांपूर्वी माझ्याकडं परत आली, मागांवर लक्ष ठेवायला आणि नोंदी करायला. मामांची नजर आता कमी झाली आहे, स्क्रीन तीच वाचते. इंग्रजी आकडे आणि चार शब्द तिला पुरतात.

कधी इकडं आलात तर एप्रिलमध्ये या, दुपारी तीनच्या पुढं. स्टेज, हार, फीत काही नको. शेडमध्ये या, सात नंबरजवळ उभे राहा. मामा रिटायर झालेत असं ते स्वतः सांगतात, पण रोज येऊन दाराशी बसतात. त्यांना काही विचारलंत तर मोठ्यानं विचारा. वही आता त्यांच्या खिशात नसते, खुंटीला असते. कालची शेवटची नोंद त्या परत आलेल्या कांडीवालीच्या अक्षरातली आहे: "7 नं. बरा हाय. 4 नं. तीन दिवस झाले दुपारी थांबतोय. ताणा न्हाई, बाणा. कोन बघायला पायजे."

कळावे,
आपला,
इचलकरंजीचा एक यंत्रमागधारक